वांद्रे-कुर्ला संकुल: आधी कचेऱ्या आणि मग रेल्वे, हा क्रम चुकला का?

खाडीकाठ
नरिमन पॉइंटवरचा कचेऱ्यांचा भार हलका व्हावा म्हणून वांद्रे आणि कुर्ला यांच्यामधल्या खाजणात व्यापारी संकुल उभारायचे ठरले आणि १९७७ मध्ये त्याचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. शेअर बाजार आला, हिरे बाजार आला, बँकांची मुख्यालये आली; ते उद्दिष्ट साधले, याबद्दल माझा वाद नाही. आक्षेप आहे तो क्रमावर. संकुलात पहिली मेट्रो पोहोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. मी स्वतः अकरा वर्षे वांद्रे पूर्वेला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आहे. सकाळी साडेनऊला ती रांग पुलाच्या जिन्याला टेकलेली असे, आणि पावसात भिजलेली तीन माणसे एकमेकांच्या छत्र्यांचे पाणी अंगावर घेत मागच्या बाकावर बसत. चालत जावे, तर स्थानकापासून सलग पदपथ नाही. ज्या शहरातली लाखो माणसे रेल्वेने कामावर जातात, तिथे हजारो कोटींची जमीन विकसित करताना शेवटच्या दीड-दोन किलोमीटरचा विचार मागे पडावा, हे मला अक्षम्य वाटते.

नगरवेध
रांगेचा त्रास खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. प्राधिकरणाने इथले भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि त्यापोटी मिळालेल्या अधिमूल्यातून (प्रीमियममधून) महानगरातल्या वाहतूक प्रकल्पांना पैसा मिळाला. आधी रेल्वे हा आग्रह धरला असता, तर रेल्वेसाठी पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न होताच. लंडनच्या कॅनरी वॉर्फ या कचेऱ्यांच्या संकुलाचेच पाहा: ज्युबिली लाइन ही भुयारी रेल्वे तिथे १९९९ मध्ये पोहोचली, तोवर मनोरे उभे राहिले होते. शिवाय बोरिवलीच्या किंवा ठाण्याच्या माणसाला आता चर्चगेट-सीएसएमटीपर्यंत लोंबकळत जावे लागत नाही, तो वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरतो. रोजची वाचलेली ती वीस-पंचवीस मिनिटे हिशेबात धरायला हवीत.

खाडीकाठ
कॅनरी वॉर्फचा दाखला तर माझ्या बाजूचा आहे. तिथला मुख्य मनोरा १९९१ मध्ये पूर्ण झाला आणि डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ पासूनच धावत होती. ती अपुरी होती, मुख्य विकासक १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्यामागच्या कारणांमध्ये कमकुवत वाहतुकीचाही उल्लेख होतो. आपल्याकडे तेवढीही गाडी नव्हती. इथला विकासक बुडाला नाही, कारण गैरसोयीची किंमत नोकरदारांनी आपल्या वेळेने चुकवली. वाचलेली वीस मिनिटे रिक्षाच्या रांगेत जात असतील, तर त्या बचतीला अर्थ काय?

मिठीकाठ
तुम्ही दोघेही गाड्यांबद्दल बोलत आहात. मला जमिनीबद्दल बोलायचे आहे. मिठीच्या मुखाजवळची खाजणे भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेत, आणि त्यांवर भराव टाकूनच हे संकुल उभे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. एवढ्या पावसात कोणतेही शहर बुडाले असते, हे मान्य. पण नदीला पसरायला जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. पुढचे भूखंड काढण्याआधी पाण्याचा नकाशा समोर ठेवावा, एवढे तरी आपण एकमताने मागू शकतो.

नगरवेध
मिठीच्या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे. पदपथांबाबतही माघार घेतो, कारण त्यासाठी रेल्वेसारखा प्रचंड पैसा लागत नव्हता. वांद्र्याला २००८ मध्ये स्कायवॉक बांधला, पण पुढे तो धोकादायक ठरवून पाडावा लागला. इथे निधीपेक्षा निगराणी कमी पडली. मात्र रेल्वेच्या क्रमाबद्दल माझे मत कायम आहे, आणि आता संकुलात आलेली ती मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावते आहे.

खाडीकाठ
ती मेट्रो उत्तर-दक्षिण धावते आणि कुर्ला स्थानकाला स्पर्शही करत नाही. कल्याण-डोंबिवलीहून येणारा माणूस आजही कुर्ल्याला उतरून रिक्षाच शोधतो. मेट्रो-२ब संकुलातून कुर्ल्याकडे जाणार आहे, पण त्या टप्प्याचे काम अजून सुरूच आहे. तोवर कुर्ला पश्चिमेपासून संकुलापर्यंत सावलीचा, सलग पदपथ आणि बससाठी राखीव मार्गिका द्यायला नेमकी अडचण कोणती, हे तुम्ही सांगावे.