मदत हवी आहे: स्लोप ग्लायडर सोडला की सरळ खाली जातोय

वारजेकर_९१
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. तीन आठवडे खपून टेकडीच्या वाऱ्यावर तरंगणारं रिमोटचं विमान केलं: ४८ इंची, ईपीपीचा (लवचिक फोमचा) फ्लाइंग विंग, म्हणजे नुसता पंख. शेपूट नाही, मोटर नाही, ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (पंखाच्या पट्ट्या हलवणारी यंत्रं), रिमोट फ्लायस्काय आय-६. काल टेकडीवर नेला. चार वेळा सोडला आणि चारही वेळा तेच. हातातून सुटला की दहा-पंधरा मीटरवर नाक खाली घालतो. स्टिक ओढली की वर उचलतो, हवेत थबकतो आणि डावा पंख टाकून पडतो. चौथ्यांदा गिरिपुष्पाच्या झुडपात घुसला, काढताना माझेच हात सोलवटले.

सीजी (तोलबिंदू) बरोबर आहे, प्लॅनवरच्या खुणेवरच आहे. मिक्सिंग (दोन्ही सर्व्हो मिळून वर-खाली आणि डावी-उजवी करतात ते) बरोबर आहे. वारा मस्त होता. एलेव्हॉनचे (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचे) रेट किती ठेवायचे, म्हणजे त्या किती हलू द्यायच्या, एवढंच सांगा, उद्या संध्याकाळी परत जायचंय.

सोल्डरवाला
कुठली टेकडी? वारा कुठून होता? वजन किती? सीजी बॅटरी आत ठेवून बघितलास का? आणि बाजूने काढलेला फोटो टाक.

ढगातला
मोटर लाव. पुण्यात स्लोपचा नाद म्हणजे नसता ताप. छोटी ब्रशलेस लावली की कुठल्याही मैदानावर उडतं, टेकडी चढायला नको नि झुडपात शोधायला नको. मी दोन वर्षं तेच करतोय.

वारजेकर_९१
@ढगातला मोटर नकोय म्हणूनच ग्लायडर केला ना.
@सोल्डरवाला वजन ६४० ग्रॅम. चार पेन्सिल सेलचा रिचार्जेबल पॅक आहे, हो, तो आत ठेवूनच मोजलं. फोटो रात्री टाकतो. रेट सांगा ना कुणीतरी.

पीसीबी_पंढरी
ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) कुठला वापरलाय? बरेचदा त्यातला बीईसी (व्होल्टेज उतरवून रिसीव्हरला वीज देणारा भाग) कमी पडतो आणि सर्व्हो मध्येच ढिले होतात.

वारजेकर_९१
मोटर नाही हो. ईएससी नाही. पॅक थेट रिसीव्हरला.

पीसीबी_पंढरी
अच्छा, मग ठीक. पण पुढेमागे दोन सेलचा लायपो (लिथियम बॅटरी) लावलास तर थेट लावू नकोस. पूर्ण चार्ज झाला की ८.४ व्होल्ट देतो, साधे सर्व्हो धूर सोडतील. मधे ५ व्होल्टचा बीईसी घाल.

जुना_कॅडेट
बाळा, तुमच्या पिढीचं हेच चुकतं, सगळं फोमचं. आम्ही १९८३ साली एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साची मॉडेलं करायचो. फासळ्या ब्लेडने कापायच्या, वरून टिश्यू कागद, त्यावर डोप (कागद ताणणारं वार्निश). कंट्रोल लाइनवर उडवायचो, हातात दोन तारा आणि स्वतःभोवती गरगर. डिझेल इंजिनात इथर, रॉकेल आणि एरंडेल असं मिश्रण. तो वास अजून नाकात आहे. घरी आलो की आई अंगणातच उभं करायची, आधी आंघोळ मग घरात. तू फोम सोड आणि बाल्साला हात घाल.

सोल्डरवाला
काका, बाल्सा टेकडीवर एकदा आपटला की पोतंभर काड्या घरी न्यायच्या. ईपीपी दगडावर पडला तरी चेंडूसारखा उसळतो. नवशिक्याला ईपीपीच बरा.

कात्री_आणि_टेप
ईपीपी कशाला, सनबोर्ड घ्या. अप्पा बळवंत चौकात हवा तेवढा मिळतो. मी तीन विंग सनबोर्डाचे केलेत. वरून पॅकिंग टेप मारला की झालं.

सोल्डरवाला
आणि त्या तीनपैकी आज उडतात किती?

कात्री_आणि_टेप
प्रश्न तो नाहीये.

कात्री_आणि_टेप
आणि धागाकर्त्या, तू चिकटवलंस कशाने? थर्माकोलला फेविक्विक लावलं असशील तर आतून विरघळून पोकळ झालं असेल. माझं एकदा झालंय.

वारजेकर_९१
अहो थर्माकोल नाही, ईपीपी. त्याला फेविक्विकने काही होत नाही. हॉट ग्लू वापरलाय, आत कार्बनचा दांडा, वर फायबर टेप. पंख पिळलेला नाही, काचेवर ठेवून बघितलाय. एलेव्हॉन बाल्साचे, तेही पंखाशी अगदी सरळ रेषेत आहेत, स्टीलची पट्टी लावून जुळवलेत. कामात कुठेही चूक नाही.

सोल्डरवाला
थांब थांब. एलेव्हॉन पट्टी लावून सरळ? स्टिक मधोमध असताना?

वारजेकर_९१
हो. मधोमध म्हणजे सरळच असणार ना.

सोल्डरवाला
मग नाक खाली जायचं निम्मं कारण सापडलं. शेपटीच्या विमानात नाक वर धरायचं काम शेपूट करते. तुझ्याकडे ती नाही, मग ते काम एलेव्हॉननीच करायचं. म्हणून स्टिक मधोमध असतानाही दोन्ही एलेव्हॉनच्या मागच्या कडा थोड्या वर पाहिजेत. याला रिफ्लेक्स म्हणतात. २ ते ३ मिमीपासून सुरू कर. आधी पुशरॉड (सर्व्होपासून एलेव्हॉनपर्यंतची सळई) फिरवून, मग उरलेलं ट्रिमने (रिमोटवरच्या बारीक जुळवणीने). सगळं ट्रिमवर टाकलंस तर हवेत ट्रिम शिल्लक राहणार नाही.

तुझ्याकडे झालं असं: सोडल्यावर नाक पडलं, तू घाबरून स्टिक ओढलीस, वेग मेला, एक पंख आधी स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल गेली. रेटचा दोष नाही. तरी विचारलंयस म्हणून सांगतो, मी अशा विंगला वर-खाली ८ मिमी आणि डावी-उजवीकडे १५ मिमी ठेवतो, एक्स्पो (स्टिक मध्याजवळ मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के. आणि दर वेळी उडवण्याआधी बघ: स्टिक ओढली की दोन्ही कडा वर, स्टिक उजवीकडे की उजवी वर.

पण हे निम्मंच. टेकडी कुठली ते अजून सांगितलं नाहीस.

ढगातला
मोटर असती तर स्टॉल झाल्यावर नुसता थ्रॉटल दिला असता.

नियमबाज
टेकडीवर उडवण्याआधी ड्रोन नियम २०२१ वाचा. मानवरहित विमान म्हणजे फक्त चार पंख्यांचं यंत्र नव्हे, ग्लायडरही त्यात येतो. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग बघा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा. पुण्यात वाटेल तिथे उभं राहून वाटेल ते उडवता येत नाही.

जुना_कॅडेट
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मैदानावर उडवायचो, शेजारी म्हशी चरायच्या.

टेकडीवरची_मुग्धा
मला विमानातलं काही कळत नाही, रोज टेकडीवर चालायला जाते म्हणून लिहितेय. सध्या टिटव्यांची अंडी उघड्या मुरमावर असतात. दगडासारखीच दिसतात, पाय पडला तरी कळत नाही. विमान शोधायला पळताना खाली बघून पळा. काल फर्ग्युसनच्या मागे एक मुलगा निळं-पिवळं काहीतरी झुडपातून ओढून काढत होता, ते तुम्हीच का?

वारजेकर_९१
हो ताई, मीच. निळं-पिवळं माझंच. टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत गेली खरी, लक्षात ठेवतो.

टेकडीवरची_मुग्धा
मग एक विचारते. तिथे कॉलेजकडे तोंड करून बसलं की या दिवसांत संध्याकाळी वारा पाठीवर येतो. माझी ओढणी सारखी तोंडावर येते, म्हणून मी पलीकडे जाऊन बसते. तुम्हाला समोरून वारा लागतो ना?

सोल्डरवाला
मुग्धाताई, दंडवत. आम्ही दिवसभर विचारत होतो, तुम्ही ओढणीवरून सांगितलंत.

वारजेकर, हनुमान टेकडीचा फर्ग्युसनकडचा उतार पूर्वेकडे बघतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा पश्चिमेचा. म्हणजे तू वाऱ्याच्या आडोशाला उभा होतास. वारा उतारावर समोरून आदळला तरच वर चढतो, त्या चढत्या हवेवरच स्लोप ग्लायडर तरंगतो. माथा ओलांडला की तोच वारा खाली येतो आणि भोवरे करतो. माथ्यावर उभं राहून मस्त वाटतो, दोन पावलं पुढे सगळी हवा खाली जाणारी. त्यात पश्चिमेला वेताळ टेकडी आडवी, म्हणजे वारा आधीच ढवळलेला. रिफ्लेक्स असता तरी तिथे काही तरंगलं नसतं.

कड्यावर गेलास की आधी मूठभर वाळकं गवत सोड. वर आलं तर उडव, खाली गेलं तर डबा खाऊन घरी जा. घारीही बघ. पंख न हलवता त्या कडेवर जिथे लटकतात तिथे लिफ्ट (चढती हवा) आहे.

वारजेकर_९१
हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. वारा जोरात होता म्हणून मला वाटलं झालं.

कात्री_आणि_टेप
मग वेताळ टेकडीची पाषाणकडची बाजू घे ना. पश्चिमेला उघडी आहे.

नियमबाज
वर मी काय लिहिलंय ते वाचता का? खाली प्रयोगशाळा आहेत. आणि सहाशे ग्रॅमचं काहीतरी सुटून कुणाच्या गच्चीत गेलं तर?

कात्री_आणि_टेप
लोक तिथे पतंग उडवतात तेव्हा तुम्ही कुठे असता?

सोल्डरवाला
भांडू नका, तो शहराबाहेर जाईल. पश्चिमेला तोंड असलेला उघडा उतार, वर वायरी नाहीत, खाली माणसं नाहीत, असा शोध. कामशेतला जाणार असशील तर पॅराग्लायडरवाले उडत असताना मधे मॉडेल सोडू नकोस. तिथे माणूस लटकलेला असतो.
त्याआधी मैदानावर हातातून सोडून बघ. वाऱ्याकडे तोंड, नाक समपातळीत, भाल्यासारखा सरळ ढकल, आभाळाकडे फेकू नकोस. उतारावर पहिली सगळी वळणं टेकडीपासून लांब, वाऱ्याकडेच. टेकडीकडे वळलास की वारा पाठीशी येतो आणि कड अंगावर.

वारजेकर_९१
अपडेट. ३ मिमी वर केलं. सोसायटीमागच्या मैदानावर सोडला तर स्टिकला हात न लावता पंचवीस पावलं सरळ गेला आणि पोटावर घसरत थांबला. आईने गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. शनिवारी भोरकडे आत्याच्या गावी जातोय. मागची टेकडी पश्चिमेकडे बघते, खाली ज्वारी निघून रान मोकळं आहे. नकाशावर हिरवं दिसतंय, पोलीस पाटलांशी आतोबा बोललेत.

जुना_कॅडेट
शाब्बास. पुढचा बाल्साचा कर.

वारजेकर_९१
गेलो होतो. गवत सोडलं, परत माझ्याच तोंडावर आलं! मग विंग सोडला तर तो खाली जायचं नावच घेईना. अकरा मिनिटं, घड्याळाच्या लंबकासारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एक घार येऊन बाजूने बघून गेली. गुडघे लटपटत होते माझे.

आता नवीन अडचण. उतरवताच येईना. खाली आणला की लिफ्ट परत वर घेऊन जाते. शेवटी मागे नेला तर माथ्यापलीकडे एकदम दगडासारखा पडला, एक कंट्रोल हॉर्न (एलेव्हॉनवरचा, पुशरॉड अडकवायचा तुकडा) तुटला. उतरवायला एलेव्हॉनचे रेट वाढवू का? उद्या परत जायचंय.

सोल्डरवाला
वारा किती होता आणि कड्यापासून किती मागे नेलास, आधी ते लिही.