कॉलिंगवूडचा चार गुणांचा विजय: पाच मतं कुणाला?

रविवार, १ ऑक्टोबर २०२३

छोटी: काल ऑस्ट्रेलियन फुटबॉलची (एएफएल) ग्रँड फायनल आपल्या कॉलिंगवूडने ब्रिस्बेनविरुद्ध जिंकली. कॉलिंगवूडचे सर्वोत्तम खेळाडू कोण, त्याची मतं आज संध्याकाळी सातच्या आत पाठवा. पद्धत नेहमीचीच. प्रत्येकाने पाच खेळाडू निवडायचे, ५-४-३-२-१, आणि नावापुढे कारण. आत्या, आज इकडे घड्याळं तासभर पुढे गेलीत. सात म्हणजे तुझ्या पुण्यात दीड वाजता. कालचा साडेचार तासांचा हिशोब आज चालणार नाही.

आत्या: बरं सांगितलंस. काल मॅच इथे सकाळी दहाला सुरू झाली होती, तेच डोक्यात होतं.

छोटी: आणि नावं पूर्ण लिहा. नुसतं "कॅमरन" लिहिलं तर आपला डार्सी की त्यांचा चार्ली? नुसतं "डार्सी" तर कॅमरन की मूर? "डेकॉस" लिहाल तर निक की जॉश? मागे यावरूनच बेरीज चुकली होती.

काका: मतांच्या आधी धावफलक नीट बघा, म्हणजे मतं सरळ पडतील. आपण १२.१८, म्हणजे १२ गोल आणि १८ बिहाइंड मिळून ९०. ब्रिस्बेन १३.८, म्हणजे ८६. गोल त्यांचा एक जास्त, मॅच आपली. गोलला सहा, बिहाइंडला (गोलच्या खांबांच्या बाजूने गेलेला बॉल) एक. आपल्या नावावर ३० नोंदी, त्यांच्या २१. बॉल त्यांच्या गोलकडे जास्त वेळा गेला म्हणून आपण जिंकलो, नेमबाजीवर नाही. नेमबाजीत ते खूप पुढे होते.

ताई: काका, एक दुरुस्ती. १८ बिहाइंड म्हणजे १८ वेळा आपला नेम चुकला असं नाही. बचावपटू दबावात स्वतःच बॉल रेषेपलीकडे ढकलतो, तेही बिहाइंडच धरतात. उलट थेट मैदानाबाहेर गेलेली किक आणि गोलपर्यंत न पोचलेली किक यात दिसतच नाही. त्यामुळे "३० पैकी १२" वरून कुणा फॉरवर्डची मतं कापू नका. ज्याची किक, त्याच्याच नावावर लिहा.

काका: मान्य. माझा मुद्दा एवढाच की बॉल पुढे नेणाऱ्यांना आणि पुढे अडकवून ठेवणाऱ्यांना मत पाहिजे.

आत्या: माझी मतं. निक डेकॉस ५, बॉबी हिल ४, जॉर्डन डी गोई ३, टॉम मिचेल २, स्कॉट पेंडलबरी १. निकचे २९ टच आणि एक गोल. पोरगा गुडघ्याजवळच्या हाडाला तडा गेला म्हणून शेवटच्या साखळी सामन्यांना आणि पहिल्या फायनललाही (साखळीनंतरची मॅच) नव्हता. थेट प्रिलिमिनरीला (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच) आला आणि आठवड्याने ग्रँड फायनल खेळला. त्याच्यापुढे मला दुसरं नाव सुचत नाही.

दादा: आत्या, निकबद्दल वाद नाही, पण दुखापतीतून परत आला याचं मत कालच्या मॅचमध्ये धरायचं नाही. तेवढ्या चार क्वार्टर्समध्ये काय केलं तेच. आणि २९ हा आकडा फोडून बघ. टच म्हणजे किक आणि हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास) मिळून. गर्दीत खाली पडलेला बॉल काढून दिलेला हँडबॉल आणि मोकळ्यात उभं राहून घेतलेला-दिलेला हँडबॉल, दोन्ही एक-एकच मोजतात. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट.

आत्या: निकचे गर्दीतलेही खूप होते की.

दादा: होते, म्हणूनच तो माझ्याकडे तिसरा आहे. माझी यादी: हिल ५, डी गोई ४, निक ३, स्टील सिडबॉटम २, जॅक क्रिस्प १.

वहिनी: आधी हिलबद्दल लिहिते. तिथे एकमत होईल असं वाटतं. आपल्या १२ पैकी ४ गोल त्याचे, म्हणजे तिसरा हिस्सा एकट्याचा. छोट्या फॉरवर्डला बॉल उंचावरून मिळत नाही. मोठे भिडतात, बॉल खाली पडतो, मग त्याचं काम सुरू होतं. हिलने तेही केलं आणि वर जाऊनही घेतला. दुसऱ्या क्वार्टरचा तो मार्क (किक आलेला बॉल हवेतच झेलणं) परत लावून बघा. बचावपटू पुढे, हिल मागून धावत येतो, गुडघा त्याच्या पाठीवर टेकवतो आणि हात डोक्याच्या वर पूर्ण ताणलेले असताना बॉल पकडतो. खाली येताना बॉल सुटत नाही, तिथेच बहुतेकांचा मार्क जातो. २०२२ मध्ये कॅन्सरची शस्त्रक्रिया, मग सिडनीच्या जायंट्सकडून आपल्याकडे आला आणि पहिल्याच वर्षी नॉर्म स्मिथ मेडल, ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं. दादा म्हणाले तसं, मागचं काही मी मतात धरलेलं नाही. चार गोल आणि दबाव, एवढ्यावरच ५.

ताई: हिलला ५ माझेही. वाद दोन नंबरपासून खाली.

वहिनी: मग आता वादाचंच देते. हिल ५, निक ४, बिली फ्रॅम्प्टन ३, डी गोई २, पेंडलबरी १.

काका: फ्रॅम्प्टनला तीन? अगं, आकड्यांच्या तक्त्यात त्याला शोधावं लागतं. बॉल हाताला किती वेळा लागला?

वहिनी: फार कमी वेळा, काका. पण त्याला बॉल घ्यायला पाठवलंच नव्हतं. डॅन मॅकस्टे प्रिलिमिनरीत गुडघा दुखावून बाहेर गेला आणि पुढच्या फळीतला एक उंच माणूस कमी झाला. तिकडे ब्रिस्बेनचा हॅरिस अँड्र्यूज. लांब किक आली की तो आपला माणूस सोडून बॉल पडणार त्या जागी धावतो आणि हवेतच मार्क घेतो. मग पुढे नेलेला बॉल उलट आपल्यावरच येतो. फ्रॅम्प्टन मूळचा बचावपटू, त्याला पुढे उभा केला तो अँड्र्यूजसाठी.

काका: धरून ठेवला तर फ्री किक जाते.

वहिनी: धरायचं नसतंच. बॉल हवेत असताना अंगाला अंग लावून उभं राहायचं, म्हणजे त्याला धावत येऊन उडी घेता येत नाही. दुसरं, बॉल इकडे पडणार असेल तर आपण आधीच तिकडे पळायचं, म्हणजे तो मागे येतो किंवा निदान दोन मनांत सापडतो. तिसरं, दोघं उडालेच तर मार्क घेण्याच्या फंदात न पडता बॉल खाली पाडायचा. खाली हिल, जेमी एलियट, जिनिव्हन, मॅकक्रीरी उभेच आहेत. रीप्ले बघताना बॉलकडे बघू नका. लांब किक सुटली की फक्त अँड्र्यूज कुठे आहे ते बघा.

ताई: हे पटलं. पण तीन जास्त होतात. माणूस आपलं काम करतो तेव्हा एक किंवा दोन. तीन म्हणजे त्याच्याशिवाय मॅच गेली असती.

वहिनी: चार गुणांच्या मॅचमध्ये अँड्र्यूजने असे दोन बॉल हवेत उचलून परत पाठवले असते तर?

ताई: तसं म्हटलं तर मागच्या फळीलाही द्यायला पाहिजे. नेथन मर्फी पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागून बाहेर गेला. मेंदूला धक्का बसल्याचं ठरलं की माणूस त्या दिवशी परत येत नाही. राखीव म्हणून पॅट लिपिन्स्की आला, पण तो मधल्या फळीतला. उंच बचावपटू गेला आणि त्याच्या जागी उंच माणूस आलाच नाही. पुढे तीन क्वार्टर डार्सी मूरने ते भोक सांभाळत फळी लावली. शिवाय राखीव खेळाडू इतक्या लवकर वापरून झाला की नंतर कुणी दुखावलं असतं तर बाकावर तीनच उरले असते. अदलाबदली मॅचभरात ७५ पर्यंतच, त्यामुळे दमलेल्याला हवं तेव्हा बाहेर काढताही येत नाही. माझी मतं: हिल ५, पेंडलबरी ४, निक ३, सिडबॉटम २, मूर १.

छोटी: ताई, पेंडलबरीला चार का ते लिही. कारण नाही तर मत नाही.

ताई: शेवटचा क्वार्टर. ३५ वर्षांचा माणूस, पाय बाकीच्यांइतके चालत नाहीत, पण गर्दीत बॉल हातात आला की घाई नाही. लहानपणी बास्केटबॉल खेळायचा, ते दिसतं. टॅकल करणारा अंगावर येतो तेव्हा बॉल आधी दोन्ही हातांनी वर उचलतो, म्हणजे दंड अडकत नाहीत, मग हँडबॉल. दंड अंगाला अडकले की "बॉल धरून ठेवला" म्हणून फ्री किक जाते. तरुण पोरं इथेच चुकतात. बॉल पोटाशी धरून वळायला जातात.

काका: २०१० ची ग्रँड फायनल बरोबरीत सुटून परत खेळवली, त्यात याला नॉर्म स्मिथ मिळालं, तेव्हाही असाच खेळत होता. तेव्हापासूनचे हा आणि सिडबॉटम दोघंच उरलेत. माझी मतं: हिल ५, सिडबॉटम ४, पेंडलबरी ३, निक २, मूर १.

दादा: काका, सिडबॉटमला चार एका गोलवर?

काका: त्या एका गोलची जागा बघ. शेवटच्या मिनिटांत चार्ली कॅमरनच्या गोलने ब्रिस्बेन पुढे गेलं. लगेच डी गोईने आपल्याला परत पुढे आणलं. पण ती आघाडी एका किकवर जाणारी होती. मग सिडबॉटमने पन्नास मीटरच्या रेषेबाहेरून मारला. तो गेला म्हणून जो डॅनिहरच्या गोलनंतरही आपण चारने पुढे राहिलो. तो गोल काढून टाक, ९० चे ८४ होतात. त्यांचे ८६ तसेच राहतात.

दादा: तो हिशोब डी गोईलाही लागतो. त्याचाही काढला तर तेच होतं. आणि डी गोईचा जास्त अवघड. गोल झाला की बॉल परत मधल्या चौकोनात. दोन्हीकडचे चार-चारच माणसं आत, बाकीचे दोघं बाजूला, सहा मागे आणि सहा पुढे. म्हणजे फॉरवर्ड जागा मोकळी असते. पहिल्या काही सेकंदांत ज्याने बॉल काढला त्याला थेट गोल दिसतो. नुकताच गोल खाल्लेला, एक लाखावर लोक ओरडतायत आणि हा धावता धावता मारतो. सेट शॉटला (मार्क किंवा फ्री किकनंतर थांबून मारलेली किक) निदान श्वास घ्यायला वेळ असतो.

काका: सेट शॉटला वेळ असतो म्हणूनच चुकतो. काल किती गेले बघितलंस ना?

छोटी: दोन्ही बाजू लिहून घेतल्या. माझी मतं: हिल ५, डी गोई ४, निक ३, पेंडलबरी २, मिचेल १. मिचेलला यासाठी की बाकीचे तीन-चार जण मोकळे सुटतात ते हा आत, खाली, टॅकलमध्ये असतो म्हणून. आत्याने दोन दिलेत तेही योग्य वाटतात.

आत्या: मला एक विचारायचंय. शेवटच्या मिनिटात लॅकी नीलला फ्री किक होती ना? मग झॅक बेलीने का मारला बॉल?

ताई: ॲडव्हांटेज. फ्री किकची शिट्टी झाल्यावर त्याच संघाच्या दुसऱ्याने बॉल उचलून खेळ चालू ठेवला तर अंपायर पुढे खेळू देतो. बेलीने उचलून लगेच मारला, म्हणून नीलला थांबून, बघून किक मारता आली नाही. ब्रिस्बेनवाल्यांचं दुःख मी समजू शकते. पण यात आपल्या कुणाला मत नाही, त्यामुळे इथे एवढंच.

दादा: एक सूचना पुढच्या वर्षासाठी. मतं शिट्टीनंतर तासाभरात घेऊ नका, आजच्यासारखी दुसऱ्या दिवशीच घ्या. आणि प्रत्येक क्वार्टर संपला की तिथल्या तिथे तीन नावं कागदावर लिहून ठेवा. नाहीतर शेवटची दहा मिनिटं सगळं खाऊन टाकतात. हिलचं पहिल्या हाफमधलं काम आज लक्षात राहिलं ते मेडलमुळे. मेडल नसतं तर काकांनी त्यालाही तीनच दिले असते.

काका: शक्य आहे.

आत्या: आणि बचावपटूसाठी काय लिहायचं? त्यांचे टच मोजून काही कळत नाही.

वहिनी: त्याच्या समोरच्या माणसाचे मोजायचे, आत्या. आपल्या पन्नासच्या आत त्याने किती मार्क घेतले, किती शॉट मारले. शिवाय आपल्या माणसाने मुठीने बॉल किती वेळा उडवला. एवढे तीन रकाने पुरेत.

छोटी: बेरीज झाली. सहा जणांची मिळून ९० मतं.
बॉबी हिल २९
निक डेकॉस २०
जॉर्डन डी गोई १३
स्कॉट पेंडलबरी ११
स्टील सिडबॉटम ८
टॉम मिचेल ३
बिली फ्रॅम्प्टन ३
डार्सी मूर २
जॅक क्रिस्प १

ताई: हिलला सहापैकी पाच जणांचे पाच. ठीक आहे, आत्या?

आत्या: ठीक आहे. माझा निक दुसरा आला, पुष्कळ झालं.

काका: तिन्ही फायनल मिळून आपण फक्त १२ गुणांनी पुढे राहिलो. मेलबर्नवर ७, जायंट्सवर १, ब्रिस्बेनवर ४. सोळावी प्रीमियरशिप (विजेतेपद), आता कार्लटन आणि एसेंडनच्या बरोबरीने. इतक्या कमी फरकात नऊ जणांची नावं आली हेच बरोबर आहे.

(७:१०)

काका: दुसरा क्वार्टर परत लावला होता. सूनबाईने सांगितलं तसं फक्त अँड्र्यूजकडे बघितलं. लांब किकवर तो खरंच मोकळा सुटत नाही. माझं मूरचं एक मत फ्रॅम्प्टनला दे.

छोटी: सात वाजून गेले, काका. वहीत मूरच राहील. शेऱ्यात लिहिते: "काकांचं मत नंतर बदललं, फ्रॅम्प्टन."

वहिनी: काका, आता तिसरा क्वार्टर पण तसाच बघा.