पीएसएलव्ही की एलव्हीएम-३: भरवसा कोणाचा जास्त, आणि तो मोजायचा कसा?

ध्रुव:
इस्रोच्या दोन प्रक्षेपकांचा (उपग्रह कक्षेत नेणाऱ्या रॉकेटांचा) जानेवारी २०२६ पर्यंतचा हिशेब मांडतोय. पीएसएलव्हीची उड्डाणं ६४. त्यात डी-१ (१९९३), सी-३९ (२०१७), सी-६१ (मे २०२५) आणि सी-६२ (जानेवारी २०२६) ही चार फसली. एलव्हीएम-३ ची उड्डाणं ९, अपयश एकही नाही. म्हणजे ९४ विरुद्ध १०० टक्के. पण नऊच उड्डाणांवर शंभर टक्के म्हणवत नाही. इस्रोच्याच जीएसएलव्ही या तिसऱ्या प्रक्षेपकाचा आकडा तर जिथे बघावं तिथे वेगळा. कसं मोजायचं?

सांख्यिक:
तुमच्या यादीत सी-१ (१९९७) राहिलं. आयआरएस-१डी हा उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत सुटला आणि स्वतःचं इंधन जाळून वर चढला. उपग्रह वाचला, पण प्रक्षेपकाचं काम अर्धवटच झालं. ठरलेली कक्षा मिळाली की नाही, हा एकच निकष धरा. मग ५९ यशस्वी, ५ नाहीत.

उड्डाणं थोडी असतील तर यशात १ आणि एकूणात २ मिळवून भागा. पीएसएलव्ही ६०/६६, एलव्हीएम-३ १०/११. दोन्ही ९०.९ टक्के! फरक आहे तो खात्रीत. ९५ टक्के खात्रीने एलव्हीएम-३ ची विश्वासार्हता निदान ७२ टक्के आहे, एवढंच म्हणता येतं. पीएसएलव्हीची हीच खालची मर्यादा ८४ च्या आसपास येते.

टप्पेवार:
त्या नवातलं पहिलं उड्डाण (डिसेंबर २०१४) वगळायला हवं. त्यात क्रायोजेनिक टप्पा (अतिथंड द्रव इंधनावर चालणारा, रॉकेटचा सर्वांत वरचा भाग) निष्क्रिय होता आणि कक्षेत जायचंच नव्हतं. उरले ८ पैकी ८, म्हणजे तुमच्या सूत्राने ९/१०.

माझ्या मते अख्खं यान मोजण्यापेक्षा टप्पे मोजावेत. एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यातली ‘विकास’ नावाची दोन द्रव इंधनाची इंजिनं पीएसएलव्ही आणि जीएसएलव्हीतही वापरली जातात, त्यामुळे त्यांच्या उड्डाणांची नोंद मोठी आहे. नवं काय, तर एस-२०० बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी बाजूची रॉकेटं (९ उड्डाणं, प्रत्येकी दोन, म्हणजे १८) आणि क्रायोजेनिक टप्प्याचं सीई-२० इंजिन (८).

उलट पीएसएलव्हीचं बघा. सी-४० ते सी-६० सलग २१ उड्डाणं यशस्वी, आणि मग लागोपाठ दोनदा तिसऱ्या, घन इंधनाच्या टप्प्यातच घोटाळा. सी-६१ मध्ये मोटरच्या आतला दाब घसरला. सी-६२ मध्ये तो टप्पा संपत आला असताना यान बिघडलं. प्रत्येक उड्डाणाची जोखीम सारखीच, हे सूत्राचं गृहीतक इथे टिकत नाही. पुढच्या उड्डाणासाठी ९०.९ हा आकडा मी तरी वापरणार नाही.

जीएसएलव्हीचे आकडे वेगवेगळे दिसतात ते डी-१ (२००१) आणि एफ-०४ (२००७) मुळे. कोणी त्यांना यश म्हणतं, कोणी अर्धवट. एकूण १८ उड्डाणं सरसकट धरू नका. २०१० पर्यंतच्या ७ पैकी निर्विवाद यश फक्त दोन. २०१४ च्या डी-५ पासून ११ पैकी १०. त्यातलं एकमेव अपयश एफ-१० (२०२१): द्रव हायड्रोजनच्या टाकीची झडप गळली, टाकीतला दाब उतरला आणि क्रायोजेनिक इंजिन चाललंच नाही.

ध्रुव:
मग एफ-१५ (जानेवारी २०२५) कुठे धरायचं? त्यातला एनव्हीएस-०२ उपग्रह तर हव्या त्या कक्षेत पोचलाच नाही.

टप्पेवार:
यशात. जीएसएलव्हीने त्याला ठरलेल्या हस्तांतरण कक्षेत (अंतिम कक्षेकडे जाण्याआधीच्या तात्पुरत्या कक्षेत) सोडलं होतं. तिथून कक्षा उंचावायला लागणाऱ्या ऑक्सिडायझरच्या (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रव्याच्या) झडपा उपग्रहातच उघडल्या नाहीत. उपग्रहांसाठी वेगळा रकाना ठेवा.