मदत हवी आहे : दुधी गळतोय, मिरची मुरडतेय

मंडळी, मे संपत आला. गच्चीवरचा मोगरा ओसरतोय, सदाफुली आणि जास्वंद मात्र उन्हाला भीक घालत नाहीत. भेंडी भाजीपुरती मिळते (दोघांच्या, पाहुणे आले की नाही!).

अडलंय ते दुधीपाशी. मांडवभर वेल, नर फुलं रग्गड, मादी फुलंही येतात, पण मागचं बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. कापून पाहिलं, आत अळी नाही, म्हणजे फळमाशी नसावी. दुधी फुलतो संध्याकाळी आणि तेव्हा गच्चीवर कीटक फारसे दिसत नाहीत, म्हणून परागीभवनच होत नसावं असा माझा अंदाज. नर फूल तोडून हाताने पराग लावणारं कोणी आहे का? किती वाजता लावता? अंधार पडल्यावर चालतं का?

दुसरं, मिरचीवर चुरडामुरडा. पानं वरच्या बाजूला वळलीत, त्यामुळे फुलकिडे (थ्रिप्स, रस शोषणारी बारीक कीड) वाटतात. कोळी कीड (माइट्स) असती तर खाली वळली असती. कडुनिंबाचं तेल फवारतेय, ढिम्म फरक नाही. झाडं उपटून पावसाळ्यासाठी नवी रोपं करू की छाटून वाट बघू? रासायनिक औषध नकोय, शेजारीच कोथिंबीर आहे.