मदत हवी आहे: बेथ्यून आणि नव्ह-शापेल, ७६ वर्षांच्या बाबांसोबत

नमस्कार मंडळी,

२८ ऑक्टोबरला बाबांना घेऊन उत्तर फ्रान्समध्ये जायचं आहे. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते, बाबा साताऱ्याहून सप्टेंबरअखेर इकडे येतील. गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतात. आमच्याकडे गाडी नाही. पॅरिस दाखवते म्हटलं तर नको म्हणाले. "मला आजोबांचं नाव बघायचंय," एवढंच.

बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, खडकीच्या सॅपर्समध्ये (लष्कराची बांधकाम-खोदकाम करणारी पलटण) होते. १९१४ ला पहिल्या महायुद्धासाठी जहाजाने गेले ते आलेच नाहीत. माझे आजोबा तेव्हा पाळण्यात होते. घरात पणजोबांचा फोटो नाही, पत्र नाही. आहे ती ब्राँझची एक गोल थाळी, तळहाताहून थोडी मोठी. तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंह, कडेने इंग्रजीत "स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी प्राण दिले" अशा अर्थाची ओळ आणि चौकटीत पणजोबांचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. युद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने ती पाठवली होती. पणजी ती देवघरात ठेवायची आणि दर दसऱ्याला चिंचेने घासायची. चिंच भिजत घालायचं काम लहानपणी बाबांकडे असे. इतकी वर्षं घासून सिंहाचं तोंड पुसट झालंय आणि नावाची शेवटची अक्षरंही.

मी वाचलं त्याप्रमाणे २८ ऑक्टोबर १९१४ ला जर्मनांनी घेतलेलं नव्ह-शापेल गाव परत मिळवायला ४७व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पुढे घातल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी ही माणसं त्या दिवशी संगिनी लावून घराघरांत लढली. गाव हाती आलं, पण राखता आलं नाही. पणजी नेहमी म्हणायची, "दिवाळी उलटली आणि ते गेले." म्हणून आम्ही हीच तारीख धरली आहे, पण खात्री नाही.

आता अडचणी. नव्ह-शापेलच्या भारतीय सैनिकांच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर आमचं आडनाव टाकलं तर काहीच येत नाही. नाव सापडलंच नाही तर बाबांना तिथे नेऊन उभं कसं करू? मुक्काम बेथ्यूनला करावा की आरासला? गाडीशिवाय स्मारकापर्यंत कसं पोचायचं? आणि बाबा माहुलीच्या संगमावरून कृष्णेचं पाणी छोट्या बाटलीत आणणार आहेत. ते तिथे वाहिलं तर चालेल का? तीन दिवस हातात आहेत, जवळपास अजून काय बघावं तेही सांगा.

प्रतिसाद: लीलवासी

ताई, आधी नावाचं बघू. आडनावाने शोधू नका. पलटणीच्या रकान्यात "थर्ड सॅपर्स अँड मायनर्स", स्मारक नव्ह-शापेल आणि वर्ष १९१४ एवढंच घाला आणि यादी डोळ्यांनी वाचा. कारकुनांनी आपली नावं कानाला लागली तशी लिहिलीत. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो, तो रकाना सोडू नका. दुसरं, त्या थाळीवर नाव कसं लिहिलंय ते नीट काढा. पुसट असेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं उठतात. तरीही इथे सापडले नाहीत तर इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळचं "छत्री" स्मारक बघा. जखमी होऊन इंग्लंडला नेलेले आणि तिथे दहन झालेले हिंदू आणि शीख सैनिक तिथे आहेत.

मुक्काम बेथ्यूनलाच करा. लीलहून तिथे थेट गाड्या आहेत. स्मारक तिथून साधारण १५ किलोमीटर, गावाच्या अलीकडे चौकात, रस्त्याला लागूनच. ला बासे स्टेशन त्याहून जवळ आहे, पण तिथे उतरून टॅक्सी मिळेल या भरवशावर बाबांना नेऊ नका. हॉटेलकडून आदल्या दिवशीच जाऊन-येऊन टॅक्सी ठरवा आणि तासभर थांबायचं आधीच बोलून घ्या. तो आठवडा घड्याळं मागे गेल्यानंतरचा आहे, साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. सकाळीच जा.

जागा कशी आहे ते सांगतो, म्हणजे बाबांच्या मनाची तयारी होईल. गोल आवार, जाळीदार दगडी कठडा, आपल्याकडच्या छत्र्यांसारखे घुमट. मधोमध जवळपास १५ मीटर उंच खांब, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन दगडी वाघ. खांबावर "देव एक आहे, विजय त्याचाच" अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत कोरलाय, त्याच्या जोडीला अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी लिपींतही. शेतांच्या मधोमध, बेल्जियमच्या इतक्या जवळ, देवनागरी अक्षरं दिसली की माणूस थबकतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कितीतरी वेळ तिथेच उभा होतो. १९२७ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं तेव्हा फ्रान्सचे सेनापती मार्शल फॉश आले होते. नावं भिंतीवर पलटणवार आहेत, त्यामुळे आधी सॅपर्स शोधा. काही नावं उंचावर आहेत, फोटो काढून मोठा करून दाखवता येईल.

पाणी जरूर वाहा. लोक फुलं, पुष्पचक्रं ठेवतात. खांबापाशी हिरवळीवर शांतपणे वाहिलं तर कोण काय म्हणणार? दिवा-उदबत्ती मात्र नको.

चौकाच्या पलीकडेच पोर्तुगीज सैनिकांचं दफनस्थान आहे, १,८०० हून अधिक कबरी. तिथेही दोन मिनिटं थांबा.

प्रतिसाद: पायवाट

दुसऱ्या दिवशी नोत्र दाम द लोरेतची टेकडी ठेवा. तिथे फ्रान्सचं सर्वात मोठं लष्करी दफनस्थान आहे आणि शेजारी २०१४ साली उघडलेलं स्मृतिवलय. या भागात पडलेल्या सुमारे ५,८०,००० सैनिकांची नावं तिथे हुद्दा, देश न सांगता फक्त वर्णानुक्रमे लावलीत. जर्मन, इंग्रज, फ्रेंच, आपले, सगळे एका रांगेत. तुमच्या पणजोबांचं नाव तिथेही शोधा. विमीचं कॅनडाचं स्मारक जवळच आहे, पण गुडघ्यांचा विचार करून दोन्हींपैकी एकच धरा. लांसला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची शाखा आहे, जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर. बाकड्यांवर बसत निवांत बघता येते.

बेथ्यूनचा चौक संध्याकाळसाठी ठेवा. मधला घंटामनोरा १३८८ चा. १९१८ च्या तोफमाऱ्यात भोवतीची घरं गेली, तो जखमी होऊनही उरला. आताची टोकदार माथ्यांची घरं नंतर बांधलेली.

जेवण दोनच्या आत उरका, नंतर रात्री सातपर्यंत स्वयंपाकघरं बंद असतात.

धागाकर्ती:

लीलवासी दादा, काल रात्री साताऱ्याला भावाने थाळीवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि फोटो पाठवला. आडनावाच्या शेवटी "डी" नाहीच, "आर" आहे. गायकवाडचं "गायकवार" केलंय! तसं शोधलं आणि एकच नोंद आली. सॅपर, २१ नंबरची कंपनी, २८ ऑक्टोबर १९१४. वडिलांचं नाव बरोबर, गावाचं स्पेलिंग चुकलेलं पण आमचंच गाव, जिल्हा सातारा.

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आजीचं बरोबर होतं. दिवाळी उलटलीच होती."

टॅक्सीसाठी हॉटेलला आज मेल करते. एकच राहिलं, बेथ्यून स्टेशनवर फलाट बदलायला लिफ्ट आहे का? कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.