बंदरात दोन बोटं गेली, कंत्राटदार साठ हजारांवर सही मागतोय

उरणची सून
माझे मिस्टर इथल्या बंदरात कंत्राटदाराकडे होते. क्रेनला लटकलेल्या कंटेनरच्या कोपऱ्यांतले लॉक हाताने काढायचं काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्रपाळीला कंटेनर हलला आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली. वय ४० पूर्ण, पगार २३,०००, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा नाही. दवाखान्याचं बिल कंत्राटदाराने भरलं. आता म्हणतो, साठ हजार घ्या आणि 'पुढे काही मागणार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. भाकरी मोडायलाही ते डावा हात पुढे करतात. मुलीची फी थकलीय. सही करू का?

जुना गोदीवाला
ताई, सही करू नका. मी गोदीत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी युनियनमध्ये.
अपघात झाला तेव्हा १९२३ चा भरपाई कायदा लागू होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली). त्यात एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के अपंगत्व धरतात. हिशोबाला पगार १५,००० पर्यंतच धरतात, हे मला आजही खटकतं. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात वयानुसार गुणायचा आकडा असतो, चाळिशीचा १८४.१७. गुणाकार होतो १६,५७,५३०, आणि त्याचे २० टक्के ३,३१,५०६ रुपये. कुठे साठ हजार आणि कुठे हे! दवाखान्याचा खर्च यातून कापता येत नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर दंडही.
भरपाई आयुक्तांकडे अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे, ती चुकवू नका. कंत्राटदार 'हा माझा माणूसच नव्हे' म्हणेल, म्हणून गेटपास, हजेरीचे मेसेज, डिस्चार्ज कार्ड आजच एका पिशवीत घाला. ज्यांनी कंत्राट दिलं त्यांनाही अर्जात सामील करा, कायद्याने तेही जबाबदार आहेत.

गुहागरकर
माझ्या भावाने असाच कागद लिहून दिला होता. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दच ठरतो, पण ते सिद्ध करण्यात आमचं वर्ष गेलं. आणि अर्ज तुम्ही राहता तिथल्या आयुक्तांकडेही चालतो, कंत्राटदाराच्या गावी खेपा नकोत.

उरणची सून
काका, गेटपास सापडला. रेनकोटच्या खिशात होता, भिजून चिकटलेला, पण फोटो आणि नंबर वाचता येतो. कागद सही न करता परत पाठवलाय. सोमवारी अर्जाला जातोय, दोघंही.