मार्खा खोऱ्यात पाय कुठे थांबला?

लडाखमधल्या मार्खा खोऱ्यात चालून आलेली मराठी मंडळी आता बरीच झालीत. किती दिवस, किती खर्च, कुठले बूट हे कुठेही मिळतं, ते नको. चालता चालता पाय कुठे थांबला तेवढं लिहा. सुरुवात मी करतो.

स्किऊ गावाच्या अलीकडे मणी भिंत लागली. कमरेएवढी उंच, चांगली पन्नास पावलं लांब, वर सपाट दगड रचलेले आणि दगडांवर ‘ओम मणि पद्मे हुं’ कोरलेलं. उजवीकडची वाट जवळची दिसली म्हणून मी तिकडून निघालो. मागून आमची खेचरं आली. घोडेवाला पार मागे बिडी पेटवत होता, हाकायला कुणी नव्हतं, तरी तिन्ही खेचरं डावीकडून गेली. भिंत उजव्या हाताला ठेवायची, देवळाला प्रदक्षिणा घालताना ठेवतो तशी, हे मी वाचून गेलो होतो. खेचरांनी काही वाचलेलं नव्हतं. मुकाट्याने मागे फिरलो आणि त्यांच्या पाठोपाठ गेलो.

*

मी थांबले स्वयंपाकघरात! मार्खा गावातल्या होमस्टेमध्ये मधोमध लोखंडी चूल आणि भिंतभर फळ्यांवर घासूनपुसून लावलेली तांब्यापितळेची भांडी. खोऱ्याच्या तोंडाशी चिलिंग लागतं ना, ते पिढ्यान्‌पिढ्या तांबटांचंच गाव.

घरातल्या आमा-ले (आई म्हणायचं आणि मानाने ‘ले’ जोडायचं) कणीक मळत होत्या. छोटी गोळी घ्यायची, अंगठ्याने दाबून वाटी करायची आणि शलगम-बटाट्याच्या रश्शात सोडायची. याला म्हणतात स्क्यू. अहो, ही तर वरणफळं! मी उत्साहाने हात धुऊन बसले. दहाबारा केल्या असतील. आमा-लेंनी एक शब्द न बोलता माझी प्रत्येक वाटी उचलून पुन्हा दाबली. माझ्या आजेसासूबाई अगदी अशाच होत्या.

गुरगुर चहाबद्दल एकच. मीठ आणि लोणी घातलेलं ते पेय चहा समजून प्यायलात तर फसाल, कढण समजून प्या. आणि कप रिकामा करू नका, लगेच भरतात.

*

ऑगस्ट २०१०. आम्ही सहाजण खोऱ्यातल्या हांकर गावात होतो. लेहला वर्षभरात मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या घाटात तो जुलैत एका दिवसाचा हिशेब. त्यामुळे ५ तारखेच्या रात्री पाऊस लागला तेव्हा आम्ही चिपळूणकर खुशीत. घरमालकांचा चेहरा मात्र उतरला होता. तिथली घरं धाब्याची, वर नुसती माती. छतातून चिखल ठिबकायला लागला तसे ते आधी देवघरात धावले. लाकडी फळ्यांमध्ये बांधलेल्या पोथ्या एकेक करून बाहेर काढल्या आणि आमच्याकडे बघितलं. आम्ही रेनकोट, पाँचो, बॅगांची कव्हरं, होतं ते सगळं दिलं. माझा लाल पाँचो त्या रात्री पोथ्यांनी घातला.

सकाळी ओढ्यांवरचे साकव गेलेले, वाट नदीने खाल्लेली. पुढचे चार दिवस तिथेच, मालकांबरोबर छतावर माती टाकत. लेहमध्ये ढगफुटीने दोनशेहून जास्त माणसं गेली हे खालून चालत आलेल्या एकाने सांगितलं तेव्हा कळलं. फोन नव्हता. घरी मात्र टीव्ही चालू होता. आईने त्यानंतर मला कधी कुठे जाऊ दिलं नाही असं नाही, पण निघताना ती अजून एकच विचारते, ‘तिकडे पाऊस पडतो का?’

पाँचो परत मागितला नाही.

*

मी नागपूरचा. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. आमच्यासाठी विहार म्हणजे बुद्ध, बाबासाहेब आणि पांढऱ्या भिंती. वाटेतल्या एका गोंपात, म्हणजे तिथल्या मठात, शिरलो तर समोर कवट्यांची माळ घातलेला, डोळे वटारलेला महाकाल. खरं सांगतो, बिचकलो. जे आपण मागे टाकून आलो तेच इथे भिंतीवर, असं वाटलं. अजूनही ते पुरतं पचलेलं नाही.

तरी हात जोडले आणि सवयीने त्रिसरण म्हटलं. म्हातारे लामा ऐकत होते. त्यांनी मग त्यांच्या बोलीत म्हटलं. ‘सांग्ये’ म्हणजे बुद्ध एवढंच मला ठाऊक होतं, तो शब्द आला आणि कळलं की हे तेच चाललंय. मी थांबलो तो तिथे.

संध्याकाळी घरच्यांनी छांग पुढे केली, जवापासून केलेली. म्हटलं, नको, मी बौद्ध आहे, बावीस प्रतिज्ञांत दारू बसत नाही. सगळं घर हसायला लागलं. यजमान म्हणाले, ‘हम भी तो बौद्ध हैं, तभी तो दे रहे हैं!’

*

माझा पाय निमालिंगला थांबला, आणि थांबला तो थांबलाच. कांगयात्से शिखराच्या पायथ्याचं विस्तीर्ण कुरण, समोर कोंगमारू ला ही खिंड, ५,२०० मीटरच्या आसपास. मी रात्रभर ओकत होते. कळसूबाई वीस वेळा केलंय हो, पण ते १,६४६ मीटर. विमानाने ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरून एकच रात्र काढून चालायला लागलो, कारण सुट्टी मोजकी होती. आमच्या लीडरने चालेल म्हटलं आणि मीही चालेल म्हटलं. पहाटे घोडेवाल्याने न विचारता घोड्यावर बसवलं आणि खाली थाचुंगत्सेला आणलं. दुपारी भूक लागली. खिंडीवरच्या पताका मी फक्त इतरांच्या फोटोंत बघितल्या.

*

आम्ही गेलो तेव्हा चिलिंगला पूल नव्हता. झंस्कार नदीवर तार आणि तारेला लटकलेली पेटी, दोघं बसायचे आणि पलीकडचा दोर ओढायचा. आता पूल आहे, रस्ता आत सरकलाय. खोऱ्याची मजा गेली असं मी आमच्या होमस्टेवाल्यांना फोनवर म्हटलं. ते म्हणाले, गेल्या हिवाळ्यात सुनेला बाळंतपणाला गाडीने नेली. मग शेळ्या किती झाल्या, जव कसं आलं यावर बराच वेळ बोललो.

*

वरणफळंवाल्या ताई, रश्शात चुरपे घालतात का हो? सुकवलेलं चीज असतं ते. मी दोन तुकडे आणलेत, दाताने फुटत नाहीत.